कोटेशनवर सही करण्याआधी: नाशिक जिल्ह्यातील शेतकरी उत्पादक कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ,
सर्व शेतकरी उत्पादक कंपन्या,
निफाड, दिंडोरी, चांदवड, सटाणा, मालेगाव, येवला व सिन्नर तालुके, जि. नाशिक.

विषय: छाटणीच्या काड्या व इतर पीक अवशेषांपासून पायरोलिसिसने, म्हणजे हवेविना तापवून, कोळसा, व्हिनेगर (वाफ थंड करून मिळणारा आम्लयुक्त द्रव) आणि रसायने काढण्याचे प्रकल्प.

सप्रेम नमस्कार.

एप्रिलची खरड छाटणी उरकली की बांधाबांधावर काड्यांचे ढीग दिसतात आणि आठवड्याभरात त्यातले बरेचसे पेटतात. त्याच सुमारास कंपन्यांच्या टेबलावर कोटेशने येऊ लागतात. 'शेतकचऱ्यापासून इंधन', 'एका टनातून सहाशे लिटर बायो-ऑइल', 'शून्य कचरा' अशी त्यांची भाषा असते. आम्ही भट्ट्या, कंडेन्सर (वाफ थंड करून तिचा द्रव करणारे पाइप) आणि त्यांतून निघणाऱ्या द्रवांच्या कामातली माणसे आहोत. पायरोलिसिसला आमचा विरोध नाही, तो आमचा धंदाच आहे. पण कोटेशनात जे विकले जाते आणि भट्टीतून जे बाहेर पडते, ती दोन वेगळी गणिते आहेत. दुसरे गणित आपल्यापुढे यावे, एवढ्यासाठी हे पत्र.

सहाशे लिटरचा आकडा खोटा नाही, तो दुसऱ्या यंत्राचा आहे. जलद पायरोलिसिसमध्ये दोन-तीन मिलिमीटरपर्यंत दळलेला, दहा टक्क्यांखाली ओल असलेला भुसा सुमारे ५०० अंश सेल्सिअसला क्षणात तापवतात आणि निघालेली वाफ दोन सेकंदांच्या आत थंड करतात. तेव्हा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या ६० ते ७५ टक्के द्रव मिळतो. त्यासाठी दळणयंत्र, तप्त वाळूचा प्रवाही थर आणि चोवीस तास चालणारी माणसे लागतात. कोटेशनाच्या चित्रात दिसते ती बहुधा बंद डब्याची संथ भट्टी असते. तिच्यात चार-सहा तासांत कोरड्या मालाचा साधारण एक तृतीयांश कोळसा, एक तृतीयांश द्रव आणि उरलेला वायू होतो. आकडा एका यंत्राचा आणि चित्र दुसऱ्याचे, हे पहिल्याच पानावर पकडा. शिवाय जलद पद्धतीचे आकडे बहुतेक स्वच्छ लाकडाचे असतात. पिकाच्या काडात पोटॅश जास्त असते. ते वाफ फोडून तिचे पाणी आणि वायू करते, म्हणून काडाचे तेल लाकडापेक्षा कमीच भरते.

आता एक टन ओल्या द्राक्षकाडीचा हिशेब मांडू. ताज्या काडीत साधारण ४५ टक्के पाणी धरा, म्हणजे ५५० किलो कोरडा माल आणि ४५० किलो पाणी. उन्हात वाळवून ओल १२ टक्क्यांवर आणली की ढिगाचे वजन ६२५ किलो भरते. हा माल संथ भट्टीत घातला तर १६५ किलोच्या आसपास कोळसा मिळेल. द्रव कागदावर २६५ किलो: १९० किलो विघटनातून आणि ७५ किलो काडीत उरलेले पाणी. साध्या कंडेन्सरमध्ये त्यातला निम्म्याहून थोडा अधिकच हाती लागतो, बाकीचा धुरासोबत जातो. हाती आलेल्या द्रवात ॲसेटिक आम्ल चार-पाच टक्के असले तर काम चांगले झाले म्हणायचे.

तीच काडी ओली घातली तर काय होते? ४५० किलो पाणी कंडेन्सरमधून जाते, द्रव ६४० किलोवर पोचतो आणि साडेचार टक्क्यांचे आम्ल दोन टक्क्यांच्या खाली येते. वर भुर्दंड वेगळाच. जे ३७५ किलो पाणी एप्रिलच्या उन्हाने फुकट उडवले असते, ते भट्टीत उडवायला गळती धरून शंभर-सव्वाशे किलो वाळलेली काडी जळते. आमच्या पाहण्यात बंद पडलेल्या बहुतेक भट्ट्यांचे मूळ दुखणे रिॲक्टरमध्ये नव्हते, वाळवणीच्या खळ्यात होते.

म्हणून पहिली खरेदी रिॲक्टरची नको. वजनकाटा, कडबाकुट्टी किंवा श्रेडर आणि पसरायला जागा, एवढ्यावर सुरुवात करा. काडी ओली असतानाच कापा. पूर्ण वाळलेली द्राक्षकाडी पात्याची धार दोन दिवसांत घालवते. तुकडे पाच ते आठ सेंटिमीटरचे ठेवा. बंद भट्टीला भुकटी चालत नाही. भुकटी दबून बसते, मधून वायूला वाट राहत नाही आणि गाभ्यापर्यंत उष्णता पोचत नाही. कापलेला माल ढिगात ठेवला तर दोन दिवसांत आतून गरम होतो, मग पांढरी बुरशी धरतो. वीतभराहून जाड थर करू नका आणि रोज एकदा दाताळ्याने उलटा. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन आठवडे पुरतात. ऑक्टोबर छाटणीचा माल परतीच्या पावसात सापडतो, त्याला ताडपत्री आणि दुप्पट दिवस धरा. वाळलेली काडी कटकन मोडते, वाकत नाही, हे ठीक. पण वहीत आकडा हवा. एक किलो नमुना १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचा. जेवढे ग्रॅम कमी झाले, तेवढी ओल; दर दहा ग्रॅमला एक टक्का.

कापण्याआधी माल हाताने चाळायचा आहे, आणि हे काम कुणालाच आवडत नाही. द्राक्षबागेच्या काडीसोबत तारेचे तुकडे, बांधायची प्लास्टिक दोरी, ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर आणि पीव्हीसी पाइपचे तुकडे येतात. तार पाते मोडते, हा कमी नुकसानीचा भाग. पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल निघते, ते स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडते आणि कोळशात नको ती क्लोरीनयुक्त संयुगे सोडते. ट्रॉलीत पीव्हीसी दिसले तर ट्रॉली परत पाठवावी, इतपत कडक राहा.

कुठला माल घ्यायचा यावर आमचे मत सरळ आहे. ज्याला आधीच चांगला उपयोग आहे, त्याला भट्टी दाखवू नका. मक्याची ताटे आणि सोयाबीनचे भुसकट जनावरांच्या तोंडचे आहे. कांद्याची पात आणि टरफल ओले, गंधकयुक्त. ते खताच्या खड्ड्यात बरे. टोमॅटोचे वेल सुतळी-प्लास्टिकच्या गुंत्यासकट येतात, त्यांच्या नादी लागू नका. वायनरीच्या चोथ्यात निम्म्याहून जास्त पाणी असते, त्यातून बियांचे तेल आणि टार्टरिक आम्ल काढणारा गिऱ्हाईक आधी शोधा. निरोगी बागेत काडीचा तिथेच भुगा करून बोदावर टाकणारे बागायतदार आहेत. त्यांचे चालले आहे ते उत्तम आहे, त्यांच्याकडून काडी मागू नका.

मग राहते काय? रोगट माल. सटाणा-मालेगाव-देवळ्याकडच्या डाळिंबाची तेल्या या जिवाणूरोगाने ग्रासलेली छाटणी, मर लागून उपटलेली झाडे, द्राक्षाचे वाळके ओलांडे आणि जुने खोड, मिलीबग बसलेली साल, आणि मालेगाव पट्ट्यातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, ज्या शेतात राहिल्या की बोंडअळीला आसरा देतात. हा माल बागेत कुजवता येत नाही, बांधावर जाळावा लागतो. ४५० अंशांतून गेलेल्या कोळशात ना जिवाणू उरतो ना कीड. पायरोलिसिसचे सगळ्यात भक्कम समर्थन आमच्या लेखी हेच आहे, रसायने त्याच्या मागून येतात.

मक्याच्या बिट्ट्यांबद्दल, म्हणजे दाणे काढलेल्या कणसांबद्दल, एक वेगळी सूचना. येवला-चांदवडला मळणीनंतर त्यांचे डोंगर होतात, त्या कोरड्या असतात, राख कमी असते, म्हणून भट्टीवाल्यांचा त्यांच्यावर डोळा असतो. पण बिट्टीचे खरे रसायन फरफ्युरल आहे आणि ते पायरोलिसिसने नीट निघत नाही. त्यासाठी सौम्य गंधकाम्ल आणि दाबाची वाफ लागते. अमेरिकेत १९२०च्या दशकात ओटच्या टरफलांपासून ते याच मार्गाने कारखान्यात निघू लागले. आजही कोरड्या बिट्टीच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास उतारा मिळतो आणि फाउंड्रीच्या साच्यांचे रेझीन त्याच्यापासून बनते. तो रासायनिक कारखाना झाला, शेतकरी कंपनीच्या शेडमधले काम नव्हे. फरफ्युरल विकण्याचे स्वप्न दाखवत कुणी पायरोलिसिसची भट्टी विकत असेल, तर त्याला एवढेच विचारा: आम्ल कुठे घालायचे?

आता भट्टी. पहिल्या हंगामाला २०० लिटरचा ड्रम पुरतो. आतला माल बाहेरच्या आगीने तापणारा, झाकण घट्ट बसणारा, वाफेला एकच वाट असलेला. कीटकनाशकाचा ड्रम कधीही नको. रंग किंवा आतले अस्तर असलेला ड्रम आधी रिकामा जाळून घ्या. त्यात ३० ते ४० किलो तुकडे मावतात. मध्यभागी भोके पाडलेला उभा पाइप ठेवा, वायूला वाट मिळते आणि गाभा लवकर तापतो. तापमान मोजायला दोन के-टाइप थर्मोकपल घ्या, एक गाभ्यात आणि एक वाफेच्या तोंडाशी. भिंतीचा आकडा फसवा असतो. भिंत ४५० दाखवते तेव्हा ड्रमचा मध्य ३०० वरच रेंगाळलेला असू शकतो.

झाकणाच्या खाचेत सिरॅमिक फायबरची दोरी बसवा. रबर जळते, ॲसबेस्टॉस तर नकोच. दोरी नसेल तर चिकणमाती आणि राखेचा लेप चालतो, दर खेपेला नवा द्यावा लागतो इतकेच.

आग लावल्यावर पहिला तास-दीड तास नुसते पाणी उडते. गाभा २०० च्या पुढे गेला की मालातले हेमिसेल्युलोज फुटू लागते. हेमिसेल्युलोज, सेल्युलोज आणि लिग्निन हे लाकडाचे तीन मुख्य घटक. ॲसेटिक आम्ल मुख्यतः हेमिसेल्युलोजशी जोडलेल्या ॲसिटिल गटांतून येते. सेल्युलोज साधारण ३१५ ते ४०० अंशांत फुटते. लिग्निन मात्र खालपासून वरपर्यंत सावकाश फुटत राहते आणि ग्वायकोलसारखी फिनॉलिक संयुगे आणि डांबर देते. हे अंश पाठ करायचे कारण असे की द्रव वेगवेगळ्या कॅनमध्ये धरायचा आहे. गाभा १८० होईपर्यंतचा पहिला कॅन म्हणजे जवळपास पाणी, ते पुढे कोळसा विझवायला वापरा. १८० ते ३५० चा दुसरा कॅन म्हणजे व्हिनेगर. त्यावरचा तिसरा कॅन म्हणजे डांबर. तिन्ही एका कॅनमध्ये धरले की चांगला द्रवही नासला. धुराड्याच्या तोंडाशी ८० ते १५० अंश असताना गोळा करावे, असा जो नियम सांगतात तो विटांच्या पारंपरिक कोळसाभट्टीचा आहे. बंद ड्रमची वाफ त्याहून गरम बाहेर येते, तिथे गाभ्याचेच अंश बघा.

गाभा २८० च्या सुमारास आला की माल स्वतःची उष्णता सोडू लागतो. या वेळी खालची आग कमी करायची. नवखा माणूस नेमका इथेच लाकूड सारतो, मग वाफ धो-धो येते, कंडेन्सरला झेपत नाही आणि अर्धे आम्ल पिवळ्या धुरातून गावभर जाते. शेवटी गाभा ४५० वर तासभर धरा. उरलेला वायू, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि थोडा हायड्रोजन, पाइपने ड्रमखालीच आणून जाळा. पहिल्या दीड-दोन तासांनंतर बाहेरचे सरपण जवळजवळ थांबले पाहिजे. तोंडातून पांढरा धूर निघतोय याचा अर्थ माल हवेत चालला आहे.

कंडेन्सरवर पैसे वाचवू नका. स्टेनलेस स्टीलचा (एसएस ३०४), ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाचा, तीन-चार मीटर लांब, कॅनकडे उतार दिलेला पाइप, त्यावर पाण्याचे जॅकेट, आणि पाणी खालून वर जाणारे. सातपूर-अंबडचा कुठलाही फॅब्रिकेटर हे करून देईल. तो हमखास २५ मिलिमीटरचा पाइप सुचवतो. नको म्हणा. अरुंद पाइपमध्ये डांबर बसते, वाट बुजते, दाब वाढतो आणि झाकण उडते. प्रत्येक वळणावर टी जोडून साफसफाईसाठी उघडणारे तोंड ठेवा. एका ड्रमच्या खेपेला साडेचारशे-पाचशे लिटर पाणी वीस अंशांनी तापते. हजार लिटरची टाकी असली की तेच पाणी दुसऱ्या दिवशी वापरता येते. येवल्यासारख्या ठिकाणी हा मुद्दा आधी काढा.

साध्या लोखंडाचा कंडेन्सर लावला तर काय होते, ते डोळ्यांनी दिसते. चांगला द्रव कोऱ्या चहासारखा तांबूस असतो. लोखंडातून आलेला द्रव रात्रभरात काळाजांभळा होतो, बोटाला लागला तर शाईसारखा डाग पडतो, आणि तो खरोखर शाईचाच भाऊबंद आहे. आम्लाने लोखंड विरघळून लोह ॲसिटेट होते आणि फिनॉलिक संयुगांशी मिळून काळे पडते. कापड रंगवणारे एके काळी हाच द्रव मुद्दाम बनवत. फवारणीला मात्र त्याचा उपयोग नाही. गॅल्व्हनाइज्ड पाइप त्याहून वाईट, कारण जस्त विरघळते आणि पानांवर डाग उमटतात. पितळी कॉक दोन महिने टिकतो. द्रव गार झाल्यावर एचडीपीई प्लास्टिकचा कॅन उत्तम.

दुसऱ्या कॅनमधला द्रव झाकण लावून सावलीत तीन महिने हलवायचा नाही. त्याचे तीन थर होतात: वर हलके तेल, तळाला डांबर, मधे स्वच्छ द्रव. नळीने मधलाच काढा. आम्ल मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन मिलिलिटर द्रव भरपूर ऊर्ध्वपातित पाण्यात पातळ करा, फिनॉफ्थॅलिनचे थेंब टाका आणि ०.१ नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेशन करा, म्हणजे रंग बदलेपर्यंत कॉस्टिक थेंबाथेंबाने मोजून घाला. एक मिलिलिटर कॉस्टिक म्हणजे सहा मिलिग्रॅम ॲसेटिक आम्ल. पंधरा मिलिलिटर लागले तर साडेचार टक्के. दर खेपेचा आकडा वहीत असेल, तरच 'आमचे व्हिनेगर' म्हणायला अर्थ आहे.

फवारणीचे म्हणाल तर सुरुवात ५०० पट पातळ करून, एका ओळीवर. बोर्डो फवारलेल्या बागेवर तर मुळीच नाही. बोर्डोतले मोरचूद चुन्याने बांधलेले असते, आम्ल मिळताच तांबे मोकळे होते आणि पान करपते. वाइनच्या द्राक्षांना मणी रंग धरू लागल्यापासून तोडणीपर्यंत हे द्रव दाखवू नका. धुरातले ग्वायकोल मण्यात शिरते आणि वाइनला जळकट वास लागतो. जगभरचे वाइनवाले वणव्याच्या धुराला भितात, ते याच कारणाने. तुमची भट्टीही त्या काळात अशा बागेच्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला नको. कॅनवर 'कीटकनाशक' लिहिले की १९६८ चा कीटकनाशक कायदा लागू होतो. 'वाढ होते' असे लिहून विकायचे तर २०२१ पासून जैव-उत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. सभासदांनी स्वतःच्या बागेत वापरणे आणि कंपनीने लेबल लावून विकणे, या दोन्हींत फरक आहे.

आता ज्या शब्दाने सगळे भारावतात तो: रसायने. लाकडापासून रसायने ही नवी गोष्ट नाही. पेट्रोरसायने येण्याआधी जगाचे ॲसेटिक आम्ल, मिथेनॉल आणि ॲसिटोन मोठ्या प्रमाणात लाकडाच्या ऊर्ध्वपातनातूनच येई. म्हैसूर संस्थानाने १९२३ मध्ये भद्रावतीला लोखंडाचा कारखाना चालू केला, त्यालाही लाकूड-ऊर्ध्वपातनाची जोड होती. कोळसा लोखंडाच्या भट्टीला आणि द्रवातून ॲसिटेट व मिथेनॉल. हा धंदा मोडला तो रसायन चुकल्यामुळे नाही. आधी कृत्रिम मिथेनॉल आणि ॲसिटिलीनपासूनचे आम्ल आले, पुढे मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यापासून थेट, जवळजवळ शुद्ध आम्ल मिळू लागले. तिकडे पाणी काढायचे नव्हते, इकडे शंभरातले नव्वद भाग पाणीच होते.

हे तुमच्या शेडमध्ये करून बघा. साडेचार टक्क्यांचे शंभर लिटर व्हिनेगर घेतले तर त्यात साडेचार किलो आम्ल. ते बांधायला पावणेतीन किलो विरलेला चुना लागतो आणि सहा किलोच्या आतबाहेर कॅल्शियम ॲसिटेट मिळते. पण ते कोरडे करायला चौऱ्याण्णव लिटर पाणी उकळायचे. चूल निम्म्या कार्यक्षमतेची धरली तरी जवळपास अठ्ठावीस किलो वाळलेले लाकूड जळते. हाती येते ते सहा किलो तपकिरी, डांबराचा वास मारणारे मीठ, ज्याला शुद्ध मालाचा भाव मिळत नाही. भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर हे करता आले तर विचार करा, मुद्दाम सरपण जाळून नाही. तिसऱ्या कॅनमधल्या डांबराला डिझेल समजणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे: जलद भट्टीच्या बायो-ऑइलमध्येसुद्धा १५ ते ३० टक्के पाणी असते, पीएच दोन-तीन असतो, उष्मांक डिझेलच्या निम्म्याहून कमी, ते डिझेलमध्ये मिसळत नाही आणि ठेवले की महिन्यागणिक घट्ट होत जाते. इंजिनात घालू नका. बॉयलरला विकायचे तर आधी बॉयलरवाल्याचे लेखी मागणीपत्र घ्या.

म्हणजे ताळेबंद कोळशावर उभा राहिला पाहिजे. द्रव हा वरचा नफा. कोळसा उघडण्याआधी ६० अंशांखाली आणा, म्हणजे बहुधा दुसऱ्या सकाळी. ताजा कोळसा हवेतला प्राणवायू ओढतो आणि पोत्यात तासाभराने पुन्हा पेटतो. पहिल्या कॅनचे पाणी शिंपडून, पसरून, चोवीस तासांनीच पोत्यात भरा. नीट झालेला तुकडा दगडावर टाकला की खणकन वाजतो आणि हाताला तेलकट लागत नाही. तपकिरी, बद वाजणारा, धुरकट वासाचा तुकडा अर्धकच्चा असतो, तो पुढच्या खेपेत घाला. शंका असेल तर मेथीचे पन्नास दाणे नुसत्या मातीत आणि पन्नास दहा टक्के कोळसा मिसळलेल्या मातीत पेरा. उगवण पडली तर तो कोळसा शेतात नको.

द्राक्षकाडीच्या कोळशात तांबे तपासल्याशिवाय पोते विकू नका. वर्षानुवर्षांचे बोर्डो आणि तांबेयुक्त फवारे सालीवर बसलेले असतात. माल तिपटीने आटतो, तांबे जागेवरच राहते. काडीत किलोला ३० मिलिग्रॅम असेल तर कोळशात ते ९०-१०० वर जाते. युरोपच्या बायोचार (म्हणजे जमिनीत घालायचा असा कोळसा) प्रमाणपत्रात शेतीच्या वर्गाला १०० ची मर्यादा आहे, आपल्याकडे शहरी कंपोस्टला ३००. शिवाय आपल्या बऱ्याच बागांची जमीन चुनखडीची, पीएच आठच्या घरातली, आणि कोळसा स्वतः अल्कधर्मी. म्हणून नुसता कोळसा मातीत ओतायचा नाही. एक भाग कोळसा, चार भाग शेणखत किंवा कंपोस्ट, वर स्लरी, आणि तीन-चार आठवडे ओलसर ठेवून मग बोदात. कोरा कोळसा पहिल्या हंगामात नत्र धरून बसतो आणि वेल पिवळी पडली की दोष भट्टीला लागतो.

कार्बन क्रेडिटचा एजंट आला तर हा हिशेब समोर ठेवा. कोळशात ७५ टक्के कार्बन धरला तर एक टन कोळसा म्हणजे पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड, तेही कपातीआधी. एका टन ओल्या काडीमागे ४५० किलोच्या आसपास पडतात. एक क्रेडिट म्हणजे एक टन, म्हणजे दोन टनांहून जास्त काडी गोळा करणे, वाळवणे, मोजणे आणि कोळसा पक्का झाल्याची खूण असलेले हायड्रोजन-कार्बन गुणोत्तर ०.७ च्या खाली आहे हे प्रयोगशाळेकडून सिद्ध करणे.

धोक्याचे थोडक्यात, कारण यात चर्चा नाही. भट्टी उघड्यावर किंवा चारी बाजूंनी मोकळ्या शेडमध्येच. कांद्याच्या चाळीला ताडपत्री बांधून तिच्यात भट्टी चालवण्याची कल्पना कुणी काढली तर तिथेच थांबवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेडमध्ये त्याचा डिटेक्टर टांगलेला हवा. वायूच्या पाइपवर पाच सेंटिमीटर पाण्याचा सील ठेवा. ड्रम गार होताना आत पोकळी होते, हवा मागे ओढली जाते आणि गरम वायूशी मिळून स्फोट होतो. त्या ओढीत सीलचे पाणी तप्त ड्रमकडे जाऊ नये म्हणून मधे एक रिकामे भांडे जोडा. आणि डांबराचे किंवा कंडेन्सरचे पाणी नाल्यात नाही. भूपृष्ठावरच्या पाण्यात सोडायच्या सांडपाण्यात फिनॉलिक संयुगांची मर्यादा लिटरला एक मिलिग्रॅम आहे आणि या द्रवात ती ग्रॅममध्ये असतात. बादलीभर द्रव विहिरीचे पाणी नासवतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती मोठ्या यंत्राच्या आधी घ्या, नंतर नाही.

मोठे यंत्र घ्यायचेच ठरले तर करारात एवढे लिहून घ्या: चाचणी पुरवठादाराच्या भुशावर नव्हे, आपल्या चाळलेल्या काडीवर. सलग तीन खेपा, आत गेलेले आणि बाहेर आलेले वजन आपल्या काट्यावर. गाभ्याच्या तापमानाची नोंद छापील. चालू भट्टीतून दिसणारा धूर नाही. स्टीलच्या ग्रेडचे प्रमाणपत्र. साफसफाईची तोंडे आणि दाब सोडणारी झडप नकाशात दाखवलेली. शेवटचा हप्ता चाचणीनंतर. यातल्या दोन अटींवर विक्रेता अडला, तर उरलेल्या वाचायची गरज नाही. कृषी विभागाच्या मंडळींनीही अनुदान यंत्राच्या बिलावर न देता मोजून दिलेल्या कोळशाच्या टनांवर द्यावे, असे आमचे म्हणणे आहे. नुसत्या बिलावर अनुदान मिळाले की यंत्र शेडमध्ये गंजत राहते.

पुढची खरड छाटणी एप्रिलमध्ये आहे. काडी कापून, पसरून, वाळून पहिला ड्रम मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पेटू शकतो. त्याचे व्हिनेगर ऑगस्टमध्ये तीन महिने स्थिरावलेले असेल, कोळशाचा तांब्याचा अहवाल हातात असेल आणि वहीत वीसेक खेपांचे आकडे असतील. तुमची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर आहे. कोटेशनवरची सही तोवर थांबवा.

आपले,
भट्टी व बायोमासच्या कामातील काही जण,
नाशिक